रॅकेट हाती देण्यापूर्वी : वाचकांचे प्रश्न

शाळा सुरू झाल्या, पाऊस लागला आणि उन्हाळी शिबिरांतून परतलेल्या मुलांच्या पालकांची पत्रे नेहमीप्रमाणे या सदराकडे येऊ लागली. या वेळच्या पत्रांपैकी बहुतेक रॅकेटच्या खेळांविषयी आहेत. लिहिणारे वेगवेगळ्या वयांचे असले, तरी अडचणीचे मूळ मला एकाच ठिकाणी दिसते. हातात रॅकेट आली, पण धावणे, थांबणे, वळणे, फेकणे आणि झेलणे या गोष्टी शरीराला पुरेशा ठाऊक नव्हत्या. शाळेत शारीरिक शिक्षण शिकवताना मी हे वर्षानुवर्षे पाहिले आहे, म्हणून या अंकातले हे पान याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : नमस्कार बाई. आम्ही राजारामपुरीत राहतो. आमचा मुलगा सहा वर्षांचा आहे. मे महिन्यात त्याला बॅडमिंटनच्या शिबिरात घातले होते. महिना संपला तरी दहांपैकी एखादेच फूल त्याच्या रॅकेटला लागत होते. ‘याचे हात आणि डोळे एकत्र काम करत नाहीत,’ असे तिथल्या प्रशिक्षकांनी सांगितले. आता तो रॅकेटला हात लावायलाही तयार नाही. खेळ बदलावा का?

उत्तर : खेळ बदलण्याचा विचार सध्या बाजूला ठेवावा. बदलायचे आहे ते साहित्य, अंतर आणि शिकवण्याचा क्रम. बॅडमिंटनचे कोर्ट १३.४० मीटर लांब असते आणि नेटची उंची खांबांपाशी १.५५ मीटर असते. सहा वर्षांच्या मुलाची उंची साधारण ११५ सेंटिमीटर धरली, तर नेट त्याच्या डोक्याच्या वर जवळजवळ हातभर जाते. मोठ्यांची रॅकेट ६८ सेंटिमीटरपर्यंत लांब असते, म्हणजे ती त्याच्या हातापेक्षाही लांब. आजवर त्याने जी वस्तू मारली असेल, ती तळहाताजवळ तरी होती. आता ती मनगटापासून अर्धा मीटर पलीकडे गेली आहे आणि तिचा अंदाज घेण्याची सवय त्याच्या शरीराला झालेली नाही. त्यातच बॅडमिंटनचे फूल फार विलक्षण उडते. फटका बसताच ते वेगाने सुटते, पिसांमुळे हवेत लगेच मंदावते आणि मग जवळजवळ सरळ खाली येते. मुलगा चेंडूच्या अंदाजाने हात फिरवतो तेव्हा फूल अजून वर असते किंवा नुकतेच खाली गेलेले असते. यात त्याचा दोष नाही. सहा वर्षांच्या मुलाला हे एका महिन्यात जमत नसेल, तर ते अगदी स्वाभाविक आहे, आणि त्याच्यासमोर तसा शेरा मारायला नको होता, असे मला स्पष्टपणे वाटते.

आता घरी काय करावे ते सांगते. पहिले दोन आठवडे रॅकेट कपाटात ठेवावी आणि एक फुगा फुगवावा. फुगा सावकाश खाली येतो, त्यामुळे डोळ्यांना त्याचा पाठलाग करायला वेळ मिळतो. आधी दोन्ही तळहातांनी, मग एका हाताने, मग एकदा उजव्या आणि एकदा डाव्या हाताने तो वर उडवत ठेवायला सांगावे. फुगा जमिनीला टेकू नये म्हणून मूल आपोआप पाय हलवू लागते, आणि मला इथे पायांची ही हालचाल सर्वांत महत्त्वाची वाटते. त्यानंतर हातात जुन्या वहीचा पुठ्ठा द्यावा. मग छोट्या दांड्याची रॅकेट द्यावी किंवा आपलीच रॅकेट दांड्याच्या वरच्या भागात, जाळीच्या जवळ धरायला लावावी. मारायची वस्तू हाताच्या जितकी जवळ, तितके मारणे सोपे. सराव होईल तशी पकड हळूहळू खाली न्यावी.

पुढची पायरी दोरीला टांगलेल्या फुलाची. खिडकीच्या वरच्या गजाला दोरी बांधून फूल अशा उंचीवर लोंबकळू द्यावे, की ते मुलाच्या कपाळाच्या किंचित वर आणि त्याच्या एक पाऊल पुढे येईल. हे फूल कुठे जात नाही, म्हणून ‘चुकले’ असे म्हणण्याची वेळ क्वचितच येते. ते हलले की त्याची चाल ओळखीची होऊ लागते. इथे एक युक्ती माझ्या फार उपयोगी पडली आहे. तीन-चार फुलांच्या बुचांवर स्केचपेनने लाल, निळा, हिरवा असे ठसठशीत ठिपके काढावेत, आपण दोन मीटरवरून एकेक फूल खालून अलगद टाकावे आणि मुलाने मारण्याच्या आधी रंग ओरडून सांगावा. पुष्कळ मुले फुलाकडे पाहतच नाहीत, ती टाकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे किंवा स्वतःच्या रॅकेटकडे पाहत असतात. रंग सांगायचा म्हटला की नजर आपसूक बुचावर जाते. मुलगा पुस्तक फार जवळ धरत असेल किंवा दूरचे पाहताना डोळे बारीक करत असेल, तर डोळे एकदा तपासूनही घ्यावेत.

रोज पंधरा मिनिटे पुरेत, आणि त्यात किती चुकले याची मोजदाद करू नये. किती लागले ते मात्र त्याला मोजू द्यावे.

प्रश्न : मुलगी आठ वर्षांची आहे आणि टेनिस सुरू करायचे आहे. ‘मोठी रॅकेट घ्या, दोन-तीन वर्षे चालेल,’ असे दुकानदार म्हणतात. काय करावे? (एक पालक, शाहूपुरी)

उत्तर : कपडे वाढत्या अंगाचे घेतलेले चालतात, रॅकेट चालत नाही. या वयाला साधारण २३ ते २५ इंचांची रॅकेट योग्य ठरते. मुलीने हात सरळ खाली सोडून रॅकेट धरली असता टोक जमिनीला टेकू नये, ही सोपी परीक्षा दुकानातच करावी. चेंडूही पाहून घ्यावा. शिकणाऱ्या मुलांसाठी लाल, नारिंगी आणि हिरवा असे तीन टप्प्यांचे चेंडू मिळतात. नेहमीच्या चेंडूच्या तुलनेत लाल चेंडू सुमारे ७५ टक्के, नारिंगी ५० टक्के आणि हिरवा २५ टक्के मंद असतो. लाल चेंडूसाठी ११ ते १२ मीटरचे आणि नारिंगीसाठी १८ मीटरचे कोर्ट आखतात. पूर्ण कोर्ट २३.७७ मीटरचे असते. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१२ पासून दहा वर्षे व त्याखालील स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू वापरण्यास मनाई केली आहे. नेहमीचा चेंडू या वयाच्या मुलांच्या खांद्याच्या वर उसळतो, आणि मग मूल मागे मागे सरकत चुकीचा फटका पक्का करत जाते. आपल्या प्रशिक्षकांकडे हे चेंडू नसतील, तर पालकांनी मिळून आणून द्यावेत. तो खर्च रॅकेटच्या खर्चापेक्षा अधिक सत्कारणी लागेल.

प्रश्न : मी पन्हाळा तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पहिली ते चौथीची मिळून ३८ मुले आहेत. मैदान लहान आहे, पावसाळ्यात ते चार महिने चिखलाचे असते आणि रॅकेट एकही नाही. प्रशिक्षणात ‘शारीरिक साक्षरता’ हा शब्द ऐकला. त्याचा नेमका अर्थ काय, आणि अशा शाळेत मुलांना रॅकेटच्या खेळांची ओळख कशी करून द्यावी?

उत्तर : आपले पत्र वाचून मला फार बरे वाटले, कारण रॅकेट नसतानाही हा प्रश्न आपल्याला पडला आहे. ब्रिटनमधील मार्गारेट व्हाइटहेड यांनी १९९३ मध्ये ही संकल्पना मांडली आणि पुढे ती वाढवत नेली. तिच्यात चार गोष्टी एकत्र येतात. शरीराला हालचाली येणे ही एक, त्या करण्याचा आत्मविश्वास असणे ही दुसरी, त्या कराव्याशा वाटणे ही तिसरी आणि त्या का करायच्या हे कळणे ही चौथी. या चारही गोष्टी जन्मभर टिकाव्यात, अशी अपेक्षा तिच्यामागे आहे. म्हणजे शंभर मीटरमध्ये पहिला आलेला मुलगा शारीरिकदृष्ट्या साक्षर असेलच असे नाही, आणि शर्यतीत शेवटी आलेली, पण रोज सुट्टीत आनंदाने खेळणारी मुलगी निरक्षर ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल करायला हवी, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस हाडे व स्नायू बळकट करणारे खेळ खेळायला हवेत. ज्या मुलाला हालचाली येतच नाहीत, ते मूल ही ६० मिनिटे आपणहोऊन कधीच भरणार नाही.

मूलभूत हालचाली तीन प्रकारच्या धरतात. शरीर एका जागेहून दुसरीकडे नेणाऱ्या, तोल सांभाळणाऱ्या आणि एखादी वस्तू हाताळणाऱ्या. आपल्या गावातले खेळ या तिन्हींनी भरलेले आहेत. लंगडीत एका पायावर उतरून पुन्हा उसळावे लागते, आणि बॅडमिंटनमध्ये डोक्यावरचा फटका मारून उतरताना हाच तोल लागतो. आट्यापाट्यांत पाटी अडवणारा गडी रेघेवरून आडवा सरकतो. पाय एकमेकांत न अडकवता, तोंड समोर ठेवून केलेली ही हालचाल प्रशिक्षक पुढे कोर्टवर महिनोन्‌महिने शिकवत असतात. खो-खोत बसलेला गडी ‘खो’ मिळताच उठून सुटतो. त्याचे पहिले पाऊल किती चटकन पडते ते पाहावे. लगोरीत नेम आणि झेल दोन्ही आले. विटी-दांडूत तर विटीला आधी उडवून मग हवेत टोला द्यायचा असतो, म्हणजे आपणच उडवलेली वस्तू योग्य क्षणी मारण्याचा तो अस्सल धडा आहे. मात्र लाकडी विटी डोळ्याला इजा करू शकते, म्हणून वर्गाला एकत्र शिकवताना स्पंजचा तुकडा घट्ट बांधून त्याची मऊ विटी करावी.

सुरुवात थांबण्यापासून करावी, असा माझा आग्रह आहे. मुलांना धावायला सांगणे सोपे असते, पण शिट्टी वाजताच थांबायला सांगून पाहावे. फक्कीने एक रेघ मारावी, मुले तिच्याकडे धावत येतील आणि रेघ ओलांडण्याच्या आत दोन्ही पायांवर थांबतील. पहिल्या दिवशी काय दिसते ते मी सांगते. बहुतेक मुलांचे गुडघे ताठ असतात, ती तीन-चार पावले पुढे घसरतात, हात हवेत जातात आणि एखादे मूल पालथे पडते. ‘गुडघे वाका, बूड खाली घ्या, टाच अलगद टेकवा,’ एवढेच सांगावे. आठवडाभरात तीच मुले रेघेच्या अलीकडे पवित्रा घेऊन उभी राहतात. रॅकेटच्या खेळात दर दोन-तीन सेकंदांनी असेच थांबावे लागते, आणि ज्याला थांबता येत नाही त्याचा फटका तोल गेलेल्या अवस्थेतच निघतो.

साहित्य घरचेच करता येईल. जुन्या वर्तमानपत्रांचे गोळे करून त्यांवर चिकटपट्टी गुंडाळावी. असे १९ चेंडू, म्हणजे दोन मुलांत एक, जरूर करावेत. मी स्वतः नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एकच चेंडू घेऊन मुलांची लांब रांग लावत असे, आणि त्याबद्दल मला आजही वाईट वाटते. ३८ मुलांच्या रांगेत प्रत्येकाला दहा सेकंद धरले, तर पुन्हा पाळी यायला सहा मिनिटांहून अधिक वेळ जातो आणि ३५ मिनिटांच्या तासात एका मुलाला जेमतेम पाच संधी मिळतात. जोड्या केल्या तर पाच मिनिटांतच एकेक मूल पन्नासेक वेळा फेकते आणि झेलते. ‘बाद’ होऊन बाहेर बसण्याचे खेळही या वयात टाळावेत, कारण ज्या मुलाला सरावाची सर्वांत जास्त गरज असते तेच सर्वांत आधी बाहेर जाऊन बसते. बाद झालेल्याने पाच उड्या मारून पुन्हा आत यावे, एवढा बदल केला तरी पुरे.

जोडीने फेकणे-झेलणे जमू लागले की मधे जुन्या साडीची दोरी दोन खांबांना मुलांच्या छातीच्या उंचीवर बांधावी. आता चेंडू दोरीवरून पलीकडे टाकायचा आणि समोरच्याने एक टप्पा पडू देऊन झेलायचा. कागदी चेंडू उसळत नाही, म्हणून इथे रबरी चेंडू लागतील, दहा-बारा पुरतील. काही दिवसांनी झेलणाऱ्याने चेंडू न पकडता तळहाताने परत ढकलावा, आणि त्यानंतर पातळ फळीने किंवा जाड पुठ्ठ्याने. झाली रॅकेटच्या खेळाची ओळख! ‘समोरच्याला खेळता येईल असा चेंडू द्या, जोडीने मिळून किती वेळा पलीकडे गेला ते मोजा,’ असे सांगितले की मुले एकमेकांना हरवण्याऐवजी एकमेकांना सांभाळून घेऊ लागतात आणि चेंडू अधिक वेळ चालू राहतो. मैदानात चिखल असेल तेव्हा व्हरांड्यात फुगे, रेघेवरचे चालणे, एका पायावर उभे राहून झेल आणि दोरीवरच्या उड्या एवढे सहज करता येईल. जागतिक बॅडमिंटन महासंघाचा ‘शटल टाइम’ हा शाळांतील शिक्षकांसाठीचा कार्यक्रम आहे. त्याचे धडे विनामूल्य मिळतात आणि पुढे कधी रॅकेट मिळाल्या तर ते कामी येतील.

नोंदवहीत मुलांच्या वेळा आणि अंतरे लिहिण्याऐवजी तीनच गोष्टी लिहाव्यात : उडीनंतर गुडघे वाकतात का, फेकताना विरुद्ध पाय पुढे येतो का, आणि मूल न सांगता खेळायला उठते का. तिसरी नोंद सर्वांत जपून ठेवावी.

प्रश्न : आम्ही शिवाजी पेठेतले. नातू अकरा वर्षांचा असून दोन वर्षे तालमीत जातो. आता मित्रांच्या नादाने त्याला टेनिस खेळायचे आहे. वस्ताद म्हणतात, दोन डगरींवर पाय ठेवू नये. टेनिसवाले म्हणतात, कुस्तीने अंग जड होते. मी ७२ वर्षांचा आहे, माझे मन तालमीकडे आहे, पण पोराचे नुकसान व्हायला नको.

उत्तर : तालीम सोडू नये आणि टेनिसही अडवू नये, असे माझे मत आहे. शाहू महाराजांनी ज्या नगरीत १९१२ मध्ये खासबागेचे मैदान उभे केले, तिथल्या मुलाने तालमीत दोन वर्षे काढली असतील तर त्याच्या शरीराची पायाभरणी उत्तम झाली आहे. कुस्तीतला पवित्रा आठवावा. गुडघे वाकलेले, भार चवड्यांवर, हात पुढे आणि नजर समोरच्याच्या छातीवर. सर्व्हिस घेणारा टेनिसपटू जवळजवळ असाच उभा असतो. बैठकांनी मांड्या, जोरांनी खांदे आणि दोर चढण्याने पकड तयार होते. अंग जड होते ही भीती अकरा वर्षांच्या मुलाबाबत निराधार आहे.

एक सवय मात्र त्याला नव्याने लावावी लागेल. पैलवानाची पकड सुटता कामा नये, तर रॅकेट फटक्याच्या क्षणापर्यंत सैल धरायची असते. तालमीतली मुले रॅकेटचा दांडा मनगटाची शीर दिसेपर्यंत आवळतात, त्यामुळे मनगट अडते आणि पुढे कोपर दुखू लागते. हातात चिमणीचे पिल्लू धरले आहे असे समजून रॅकेट धर, आणि चेंडू लागतानाच बोटे मिट, असे त्याला सांगावे.

दोन डगरींबद्दल. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये दिलेला सल्ला असा आहे, की मुलाने एकाच खेळाला वाहून घेण्याचा निर्णय साधारण १५-१६ वर्षांपर्यंत लांबवावा, आणि आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती असावी. एकच एक हालचाल वर्षभर केल्याने वाढत्या हाडांवर त्याच त्याच जागी ताण येतो, आणि मुलाचा खेळातला रसही लवकर आटतो. आपल्याच भागातले उदाहरण हवे असेल तर सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर डोळ्यांसमोर आणावेत. ते तरुणपणी टेनिस खेळत आणि कनिष्ठ गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीपर्यंत गेले होते. नंतर ते बॅडमिंटनकडे वळले आणि १९५६ मध्ये मलायात सेलांगोरची स्पर्धा जिंकून परदेशात विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू झाले. टेनिसने त्यांचे काही नुकसान केले नाही.

सोय अशी करावी. तीन दिवस तालीम, दोन दिवस टेनिस आणि दोन दिवस मोकळे. जोरांचा भारी मेहनतीचा दिवस आणि टेनिसच्या सर्व्हिसचा सराव एकाच दिवशी येऊ देऊ नये, कारण दोन्हींचा भार खांद्यावरच पडतो. सगळा सराव मिळून आठवड्याला अकरा तासांच्या वर जाऊ नये. मुलाच्या वयाएवढे तास ही मर्यादा क्रीडावैद्यकात सांगितली जाते. वस्तादांना हे आपणच जाऊन सांगावे. आपल्या वयाचा मान ते ठेवतील, आणि पोरालाही दोघांच्या मधे अडकल्यासारखे वाटणार नाही.

प्रश्न : मी ४६ वर्षांची आहे. शाळा सुटल्यापासून कुठलाही खेळ खेळलेले नाही, पण रोज सकाळी रंकाळ्याभोवती चालते. आमच्या अपार्टमेंटमधल्या मैत्रिणींनी बॅडमिंटन सुरू करायचे ठरवले आहे. गुडघ्यांची भीती वाटते. या वयात सुरुवात करावी का?

उत्तर : अवश्य करावी. कोपनहेगन शहरातील सुमारे साडेआठ हजार लोकांचा २५ वर्षांपर्यंत मागोवा घेणारा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. काहीच व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत टेनिस खेळणाऱ्यांचे आयुष्य सरासरी ९.७ वर्षांनी आणि बॅडमिंटन खेळणाऱ्यांचे ६.२ वर्षांनी अधिक आढळले. ही सारी वाढ खेळामुळेच झाली असे अशा निरीक्षणावरून म्हणता येत नाही, कारण खेळणारी माणसे इतर बाबतींतही वेगळी असू शकतात. पण मैत्रिणींसोबत नियमाने खेळणे हा त्यातला मोठा भाग असावा, असे त्या अभ्यासकांनाही वाटले.

आपण रोज चालता त्याचा हृदयाला आणि दमाला फायदा आहेच. रंकाळ्याभोवतीचे चालणे मात्र सरळ, पुढच्या दिशेचे आणि एकाच लयीचे असते. बॅडमिंटनमध्ये बाजूला सरकणे, मागे जाणे, एकदम खाली वाकणे आणि लगेच उलटे फिरणे आहे. म्हणून खेळ सुरू करण्याआधी तीन आठवडे चालून आल्यावर दहा मिनिटे द्यावीत. भिंतीजवळ एका पायावर दहा सेकंद उभे राहावे, मग दुसऱ्या पायावर. आडवी वीस पावले डावीकडे आणि वीस उजवीकडे टाकावीत. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठावे-बसावे. भिंतीला हात टेकून टाचा सावकाश वर-खाली कराव्यात, पंधरा-पंधरा वेळा. शेवटचा व्यायाम चुकवू नये. तिशी-चाळिशीनंतर पुन्हा खेळू लागलेल्यांच्या टाचेमागचा जाड स्नायुबंध तुटण्याचा प्रकार बॅडमिंटनमध्ये बराच आढळतो, आणि तो बहुधा मागे जाऊन एकदम पुढे सुटताना, दमलेल्या पायांवर होतो. गुडघ्यांना आधीपासून सूज येत असेल किंवा जिना उतरताना ते दुखत असतील, तर डॉक्टरांना दाखवूनच सुरुवात करावी.

चालण्याचे बूट घालून खेळू नये. त्यांची टाच उंच व मऊ असते, त्यामुळे आडवे सरकताना घोटा मुरगळतो. सपाट, पकड असलेल्या तळव्याचे बूट घ्यावेत. अपार्टमेंटच्या मोकळ्या जागेत वारा असतो, तिथे पिसांऐवजी नायलॉनचे फूल बरे. दुहेरी खेळताना आपल्या जोडीदाराचा फटका बघायला मागे वळून तोंड करू नये. डोळ्याला फूल लागण्याचे प्रसंग तेव्हा येऊ शकतात. पहिला महिना गुण मोजू नयेत आणि अर्ध्या तासाच्या वर खेळू नये.

प्रश्न : प्रिय बाई, मी इचलकरंजीला सहावीत शिकते. आमच्या शाळेत बॅडमिंटन आहे. माझी सर्व्हिस चांगली आहे, पण मागच्या रेषेवरून मारलेले फूल अर्ध्यातच पडते. वर्गातली मुले म्हणतात, तू मुलीसारखी फेकतेस. मी रोज हाताचे व्यायाम करते, तरी फरक पडत नाही.

उत्तर : बाळ, तू फार नेमके लिहिले आहेस, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. ताकद कमी आहे असे मला वाटत नाही. मुलीसारखे फेकणे असा काही प्रकार नसतो. सराव न मिळालेले फेकणे असते. मुलांना लहानपणापासून दगड, चेंडू, लगोरी फेकायला मिळते, चिंचा पाडायला मिळतात, आणि मुलींना कोणीतरी ‘पुरे आता’ म्हणून आत बोलावते. माझ्या वर्गांत मी पाहिले आहे, की मुलींना तेवढीच वर्षे आणि तेवढेच चेंडू दिले की त्या छान फेकू लागतात.

मागच्या रेषेवरून मारायचा फटका म्हणजे डोक्यावरून केलेली फेकच आहे, फक्त हातातली वस्तू सुटत नाही एवढाच फरक. २०२३ मध्ये सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी याच्या स्मॅशचा वेग ताशी ५६५ किलोमीटर नोंदवला गेला. तो वेग एकट्या दंडातून येत नाही. आधी पाय जमिनीला ढकलतात, मग कंबर वळते, मग छाती, खांदा, कोपर आणि शेवटी मनगट व बोटे. प्रत्येक भाग पुढच्याला वेग देतो. तू हाताचे व्यायाम करतेस, म्हणजे या साखळीच्या शेवटच्या कड्याच मजबूत करतेस. पहिल्या कड्या बहुधा अजून झोपलेल्या आहेत.

आरशासमोर उभी राहा आणि चेंडू फेकल्यासारखे कर. तू उजव्या हाताने खेळत असशील तर तुझा कोणता पाय पुढे येतो ते बघ. उजवाच येत असेल तर कंबर वळायला जागाच राहत नाही. डावा खांदा समोर कर, उजवा पाय मागे ठेव, डाव्या पायाने पुढे पाऊल टाक, पोट समोर वळू दे आणि कोपर कानाच्या उंचीवरून पुढे आण. हात सगळ्यात शेवटी आला पाहिजे. हे कळायला एक छान साधन आहे. जुन्या लांब मोज्यात चेंडू घालून गाठ मार आणि मोज्याचे शेपूट धरून फेक. पायांनी आणि कमरेने सुरुवात केलीस तर मोजा मागे ताणला जातो आणि मग सपकन पुढे जातो. नुसत्या हाताने फेकलास तर तो पाठीवर आपटतो. दोन दिवसांत तुला फरक कळेल.

मग मैदानात एक रेघ ओढून रोज वीस वेळा फेक, आणि सगळ्यात लांब पडलेल्या जागी दगड ठेव. शनिवारी दगड किती पुढे गेला ते पावलांनी मोजून वहीत लिही. दुसऱ्या आठवड्यापासून हात पूर्ण वर केल्यावर रॅकेट जिथवर पोचते तिथे फूल टांग, डावा हात त्याच्याकडे रोख आणि त्याच क्रमाने मार. फुलाला रॅकेट तुझ्या डोक्याच्या मागे नाही, किंचित पुढे लागली पाहिजे. रॅकेट लागल्यावर मागचा उजवा पाय आपणच पुढे आला, तर समज की कंबर वळली.

वहीतले पहिले आणि चौथ्या आठवड्याचे आकडे मला पत्राने कळव, आणि फूल कोणत्या रेषेपर्यंत पोचते तेही लिही.